विश्लेषण : ‘९९९ मध्ये अनलिमिटेड’... पबमधील स्वस्त दारूच्या ऑफर कायद्यात बसतात का?

शुक्रवारची दुपार झाली की पुण्या-मुंबईतील तरुणांच्या इन्स्टाग्रामवर एकाच साच्यातील पोस्टर फिरू लागतात. ‘८ ते १० अनलिमिटेड’, ‘एकावर एक फ्री’, ‘लेडीज नाइट, ड्रिंक्स आमच्याकडून’, ‘कपल एन्ट्री फ्री’. खाली कुणा प्रमोटरचा मोबाइल क्रमांक आणि ‘गेस्ट लिस्टसाठी मेसेज करा’ अशी ओळ. मुलांना हे नवे नाही आणि त्यांच्या आईवडिलांना बहुधा ठाऊक नाही. वर्तमानपत्रात दारूची जाहिरात छापता येत नाही, टीव्हीवर दाखवता येत नाही, मग मोबाइलवर ती इतक्या राजरोस कशी दिसते? आणि दोन तासांत हवी तितकी दारू ९९९ रुपयांत देणे बारला परवडते तरी कसे?

एवढ्या स्वस्तात परवडते कसे?

आधी हिशेब पाहू. महाराष्ट्र सरकारने जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या १८० मिलिलिटर बाटलीची, म्हणजे क्वार्टरची, किमान किरकोळ किंमत २०५ रुपये ठरवली. क्वार्टरमध्ये ३० मिलिलिटरचे सहा पेग होतात. म्हणजे साध्या व्हिस्कीचा एक पेग दुकानाच्या दराने ३४ रुपयांना पडतो. पबच्या मेन्यूकार्डात तोच पेग अडीचशे-तीनशे रुपयांना असतो. मधल्या रकमेत जागेचे भाडे, परवाना शुल्क, डीजे, बाउन्सर, वीज, पगार, बारमध्ये दिलेल्या मद्यावरचा १० टक्के व्हॅट आणि नफा असे सगळे येते.

आता ‘अनलिमिटेड’ची रात्र घ्या. एखाद्याने दोन तासांत सहा पेग घेतले, तरी बारच्या खिशातून गेलेल्या दारूची किंमत सव्वादोनशेच्या आत राहते. सोडा, बर्फ, ग्लास धरला तरी ९९९ मधून बरेच उरते. त्यातच प्रत्येकाकडून सहा पेग होत नाहीत. बारटेंडरसमोर रांग लागते, ग्लासात बर्फ जास्त असतो, स्वस्तातला ब्रँड असतो. आणि १० वाजता ऑफर संपली म्हणून टेबलावरचे लोक उठून घरी जात नाहीत. खरी कमाई तिथून पुढे सुरू होते, कारण दहानंतर तोच पेग पूर्ण दराने आणि त्याच्यासोबत चखणा. तोवर मेन्यूकार्डाची उजवी बाजू वाचण्याच्या अवस्थेत फारसे कुणी नसते.

दुसरे कारण गर्दीचे. पबचा खर्च रात्रीमागे जवळपास ठरलेला असतो, मग आत २० माणसे असोत की २००. बुधवारी रिकामा फ्लोर दिसला की आलेलाही परत जातो. म्हणून आठवड्यातील मंद रात्री स्वस्त दारूने भरायच्या आणि शनिवारी कमवायचे, हे या धंद्याचे जुने गणित आहे. प्रमोटरला डोक्यामागे पैसे मिळतात. त्यामुळे तो कॉलेजच्या ग्रुपवर पोस्टर टाकतो. यादीत नाव घालताना तो वय विचारत बसत नाही, कारण ते काम दारावरच्या माणसाचे, असे तो धरून चालतो.

कायदा नेमके काय म्हणतो?

महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. नाव वाचून हसू येईल, पण कागदावर आपले राज्य परवान्याशिवाय दारू न पिण्याचे राज्य आहे. बारमध्ये बसून पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना पाच रुपयांना मिळतो आणि आजन्म परवाना हजार रुपयांना. बहुतेक ग्राहकांना आपल्या नावे असा काही कागद असायला हवा, हेच माहीत नसते. वयाची अट मात्र खरी आहे : बीअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक मद्यासाठी २५ वर्षे. शेजारच्या गोव्यात २१ पुरतात. त्यामुळे पुण्यातला २३ वर्षांचा अभियंता पणजीत कायदेशीर रम पितो आणि घरी परतल्यावर तीच रम त्याच्यासाठी बेकायदा ठरते.

आता जाहिरातीचा मुद्दा. याच कायद्याच्या २४ व्या कलमाने मादक पदार्थाचा वापर करण्यास लोकांना उद्युक्त करणाऱ्या किंवा तो देऊ करणाऱ्या जाहिराती छापण्यास आणि प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. या कलमाला इतिहास आहे. १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा’ या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या काही तरतुदी रद्द केल्या. दारूची नुसती प्रशंसा करण्यावर बंदी घालणारा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात जातो, असे न्यायालय म्हणाले. ‘वाइन उत्तम असते’ असे लिहिणे गुन्हा राहिला नाही. पण ‘या, आमच्याकडे प्या’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवरील बंदी शिल्लक राहिली. कायद्याने यातून काही अपवाद केले आहेत आणि आयुक्तांनी मान्यता दिलेली दरपत्रके त्यात येतात.

इन्स्टाग्रामवरचे ‘अनलिमिटेड’ पोस्टर यातल्या कोणत्या बाजूला पडते, हे सांगायला वकिलाची गरज नाही. ते दरपत्रक नाही आणि वाइनची स्तुतीही नाही. तारीख, वेळ, पत्ता, किंमत आणि ‘या’ असे सांगणारे ते थेट आमंत्रण आहे. कायदा लिहिला गेला तेव्हा छापील पत्रक आणि भिंतीवरचा फलक डोळ्यांसमोर होता. २४ तासांत आपोआप नाहीशी होणारी स्टोरी तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पण प्रसिद्धीचे माध्यम बदलल्याने तिचा हेतू बदलत नाही.

केंद्राचेही नियम आहेत. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांनी दारूच्या जाहिरातींना मनाई केली. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सोडा किंवा म्युझिक सीडीच्या आडून दारूचा ब्रँड विकण्याला चाप लावला आहे. शिवाय ‘फ्री’ हा शब्द कधी वापरायचा आणि आमिष दाखवणारी जाहिरात कशाला म्हणायचे, हेही त्यांत सांगितले आहे. ‘ड्रिंक्स फ्री’ लिहून दारावर दीड हजार रुपये कव्हर चार्ज घेणाऱ्या पबला या सूचना सरळ लागू पडतात. एखाद्या ग्राहकाने ते पोस्टर आणि बिल जोडून तक्रार केली, तर प्रकरण मजबूत उभे राहू शकते.

थोडक्यात, स्वस्त दरात दारू देणे आणि त्या स्वस्ताईचा डांगोरा पिटणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायदा कोणी प्यावे, कुठे प्यावे आणि किती वाजेपर्यंत प्यावे हे पाहतो. किती वेगाने प्यावे, हा प्रश्न १९४९ च्या कायद्याच्या गाभ्यात नाही. ‘अनलिमिटेड’ ऑफर मात्र नेमका तो वेगच विकते.

दोन तासांत शरीरात काय होते?

हे आकड्यांत मांडता येते. ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त एक बीअर घेतली’ याचा अर्थ चार पेग असाही होऊ शकतो.

७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात एका पेगने १०० मिलिलिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅम अल्कोहोल येते. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने ते कमी करते. ही गती कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा उलटी केल्याने वाढत नाही. आता त्याने आठ ते दहामध्ये सहा पेग घेतले असे समजा. सहा पेगांचे १२७, त्यातून दोन तासांत गेलेले ३० वजा केले की उरतात ९७. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार गाडी चालवण्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. दहानंतर त्याने थेंबही घेतला नाही, तरी रात्री दीड वाजता बार बंद होताना त्याच्या रक्तात ४५ असतात. ३० पर्यंत उतरायला अडीच वाजतात आणि शून्य व्हायला पहाटेचे साडेचार.

हे सरासरी आकडे आहेत. प्रत्येकाचे शरीर वेगळे, पोटात काय आहे यावरही बरेच अवलंबून. त्यामुळे हे गणित मांडून ‘मी चालवू शकतो’ असे ठरवायला कुणी बसू नये. ५५ किलोच्या स्त्रीसाठी तर एकच पेग ३० ची रेषा ओलांडायला पुरेसा आहे. शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तिच्या रक्तात तेवढ्याच दारूने अधिक अल्कोहोल चढते. यात मनोधैर्याचा वगैरे काही संबंध नाही.

माणूस एरवी पिताना थांबतो, कारण शरीर सांगते आणि खिसाही सांगतो. शरीराचा निरोप उशिरा पोहोचतो, घेतलेला पेग पूर्ण चढायला अर्धा-पाऊण तास लागतो. खिशाचा निरोप ताबडतोब मिळतो. ‘अनलिमिटेड’ ऑफर हा दुसरा निरोप बंद करते आणि वर घड्याळ लावते. ९९९ भरले आहेत, वसूल करायचे आहेत, पंधरा मिनिटे उरली आहेत. बुफेत आपण पोळी टाळून पनीर घेतो ना, तेच मन इथेही काम करते. फरक इतकाच की जास्त पनीर खाल्लेला माणूस नंतर दुचाकीला किक मारत नाही, किंवा मारली तरी काही बिघडत नाही.

‘लेडीज नाइट’ नेमकी कुणासाठी?

मुलींना फुकट दारू देण्यात भेदभाव आहे का, असा प्रश्न बहुतेकदा मुले विचारतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अशा लिंगाधारित सवलती तिथल्या नागरी हक्क कायद्यात बसत नाहीत, असा निकाल दिला होता. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागी प्रवेश देताना लिंगावरून कुणाला अडवू नये, असे म्हटले आहे. त्यामुळे ‘एकट्या पुरुषाला प्रवेश नाही’ ही पाटी कायद्याच्या दृष्टीने स्वस्त कॉकटेलपेक्षा जास्त नाजूक आहे.

पण माझ्या मते खरा प्रश्न पुरुषांवरच्या अन्यायाचा नाही. मुलींना दिलेल्या फुकट दारूचे पैसे शेवटी कोण भरतो? आत मुली आहेत म्हणून कव्हर चार्ज देऊन येणारा पुरुष ग्राहक. म्हणजे पोस्टरवर जी पाहुणी आहे, ती हिशेबाच्या वहीत माल आहे. शिवाय ज्या ग्राहकाला तेवढीच दारू अधिक चढते, नेमक्या त्याच ग्राहकाला मोजमाप न ठेवता द्यायची, असा हा धंद्याचा आराखडा आहे. मुलींनी काय करावे याचा उपदेश करणारे आपल्याकडे भरपूर आहेत. हा आराखडा कागदावर उतरवून त्यावर सही करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये पुण्यातील एका पबने नववर्षाच्या पार्टीच्या निमंत्रणासोबत कंडोम आणि ओआरएसची पाकिटे पाठवल्याने गदारोळ झाला, पोलिसांत तक्रार गेली. सगळी चर्चा कंडोमवर झाली. मला ओआरएसचे पाकीट जास्त बोलके वाटले. पाहुणा दुसऱ्या दिवशी उठताना कोणत्या अवस्थेत असेल, हे यजमानाने आधीच गृहीत धरले होते.

कल्याणीनगरनंतर काय बदलले?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे कारच्या धडकेत मध्य प्रदेशातील दोन तरुण आयटी अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी तो मित्रांसह दोन बारमध्ये गेला होता, असे पोलिसांनी सांगितले. एका ठिकाणचे बिल सुमारे ४८ हजार रुपये होते. ते दोन्ही बार सील झाले, मालक आणि व्यवस्थापकांना अटक झाली. बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमानुसार अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

ही घटना स्वस्त दारूची नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ४८ हजारांचे बिल ‘हॅपी अवर’चे नसते. पण त्या रात्रीने एक गोष्ट उघड केली : दारावर वय तपासण्याची जबाबदारी कागदावर बारची असली, तरी ती पाळली जाते की नाही हे अपघात होईपर्यंत कळत नाही. १७ वर्षांच्या मुलाचे बिल होत असेल, तर २५ ची अट २२ वर्षांच्या मुलांच्या ‘अनलिमिटेड’ टेबलावर किती पाळली जाते, याचा अंदाज कुणीही करू शकतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत प्रमाणाबाहेर प्यालेल्या ग्राहकाला दारू देत राहिलेल्या बारवर अपघातानंतर भरपाईचा दावा लावता येतो. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. प्यालेला चालक पहिल्यांदा पकडला गेला तर त्याला १० हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्याच्यासाठी घड्याळ लावून ग्लास भरणारा त्या कलमात कुठेच नाही.

इतर देशांनी काय केले?

आयर्लंडने २००३ च्या कायद्याने दिवसातील ठरावीक वेळेपुरता दर उतरवण्यास, म्हणजेच ‘हॅपी अवर’ला, बंदी घातली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने हे १९८४ मध्येच केले होते. मला सर्वांत हुशारीचा नियम वाटतो तो स्कॉटलंडचा. तिथे सप्टेंबर २००९ पासून बारला दर बदलायचा असेल तर बदललेला दर किमान ७२ तास ठेवावा लागतो. सवलत द्यायला कुणाची हरकत नाही, तीन दिवस द्या. दोन तासांची झुंबड मात्र उडवता येत नाही. ठरावीक रकमेत अमर्याद दारू देण्यासही तिथे मनाई आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० पासून अमर्याद दारूच्या किंवा एखाद्या विशिष्ट गटालाच दिलेल्या, धोका निर्माण करू शकणाऱ्या योजनांवर बंधने आहेत, म्हणजे ‘लेडीज नाइट’ थेट त्यांच्या कक्षेत येते. मागेल त्याला पिण्याचे पाणी फुकट देणेही तिथे बंधनकारक आहे. आपल्याकडच्या किती पबमध्ये साधे पाणी मागितल्यावर बाटली न उघडता ग्लास समोर येतो?

इंग्लंडच्या २०१० च्या नियमात एक सूट होती : टेबलावर बसून घेतलेल्या जेवणासोबत दिलेल्या दारूला तो लागू नव्हता. त्यावरून आठवले, आपल्या पंचतारांकित हॉटेलांत रविवारी दुपारी ‘अनलिमिटेड शॅम्पेन ब्रंच’ असतो. त्याला कुणी समाजाचा ऱ्हास म्हणत नाही. साडेपाच हजार रुपयांचे ‘अनलिमिटेड’ आणि ९९९ चे ‘अनलिमिटेड’ यकृताला एकच दिसते. नियम करायचा तर दोघांनाही लागू हवा, नाही तर तो दारूविषयीचा नियम न राहता कोणत्या लोकांनी प्यावी याविषयीचा नियम होईल.

बारमालकांची बाजू

ती ऐकण्यासारखी आहे. बारमधील मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचवरून दहा टक्क्यांवर गेला, परवाना शुल्क वाढले, त्यावर जून २०२५ ची उत्पादन शुल्कवाढ आली. १४ जुलै २०२५ रोजी ‘आहार’ या हॉटेल संघटनेने याविरोधात बंद पुकारला होता. बार महाग झाला की माणूस पिणे सोडत नाही, तो वाइन शॉपमधून बाटली घेऊन गाडीत किंवा टेकडीवर बसतो, तिथे ना बाउन्सर ना वयाची तपासणी, असे मालक म्हणतात. यात तथ्य आहे. पबच्या पार्किंगमध्ये रात्री दहाच्या सुमारास फेरी मारली की डिकीतले ग्लास दिसतात.

सरकारची भूमिकाही सरळ नाही. राज्यघटनेचे ४७ वे कलम दारूबंदीसाठी प्रयत्न करायला सांगते आणि २०२५ च्या शुल्कवाढीतून तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटी रुपये अधिक येतील, अशी सरकारची अपेक्षा होती. दिल्लीत फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानांनी ‘एकावर एक फ्री’ सुरू केले, रस्त्यावर रांगा लागल्या, तेव्हा सरकारने आधी सगळ्या सवलती बंद केल्या आणि एप्रिलमध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलतीला परवानगी दिली. सवलतीवर मर्यादा घालता येते, हे त्यातून दिसले.

महाराष्ट्राला काय करता येईल?

त्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. बारचा एफएल-३ परवाना दरवर्षी ३१ मार्चला संपतो आणि नूतनीकरणासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे यावे लागते. परवान्याला अटी जोडण्याची जागा तीच आहे. अमर्याद दारूची योजना नको, दर बदलला तर किमान तीन दिवस तोच ठेवा, साधे पाणी फुकट द्या, प्रमोटरने टाकलेल्या पोस्टरची जबाबदारी परवानाधारकाची : एवढ्या चार अटी एका पानात मावतात. पोस्टर शोधायला निरीक्षकाला छापा घालावा लागत नाही, कारण पत्ता आणि वेळ बारने स्वतःच त्यावर छापलेली असते.

राहिला घरी जाण्याचा प्रश्न. दीड वाजता बार बंद होतो तेव्हा पुण्याची मेट्रो थांबलेली असते आणि कॅबचा दर दुप्पट झालेला असतो. बीअरवर ‘एकावर एक’ देणाऱ्या पबने परतीच्या कॅबचे पैसे बिलातून वजा केल्याचे पोस्टर अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही.